मास्तरांचं नाक

तळघराचा जाडजूड दरवाजा उघडला तरी मास्तर लगेच आत पाऊल टाकत नसत. उंबऱ्याशी थांबायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे, मान पुढे काढून दोन छोटे आणि एक मोठा असे श्वास घ्यायचे. तोवर मागच्यांनी गप्प उभं राहायचं. मग ते म्हणायचे, "हवा साफ हाय. चला." चाकणच्या आमच्या छोट्याशा बिअर कारखान्यात हे रोज सकाळी व्हायचं. मी लॅबमध्ये नवीन लागले तेव्हा पहिल्या दिवशी मला त्याचं हसू आलं होतं. देवळात शिरताना घंटा वाजवावी तसला काहीतरी प्रकार वाटला.

मास्तरांना जाऊन दोन वर्षं झाली. कागदोपत्री त्याला अपघात म्हणतात आणि त्या कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. पण जे कुणालाच आधी ठाऊक नसतं त्याला अपघात म्हणावं. मला ठाऊक होतं. म्हणून त्यांच्याबद्दल लिहायला बसले की हात जड होतो, आणि न लिहावं तर झोप येत नाही.

त्यांचं नाव ज्ञानोबा वाळुंज. हुद्दा ब्रूमास्टर, पण तो शब्द कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून नुसते मास्तर. घरी चऱ्होलीत मात्र ते 'जवाच्या कंपनीत' होते. आळंदी हाकेच्या अंतरावर, घरात तीन पिढ्यांच्या गळ्यात माळ. तिथे बिअर हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. आपला ज्ञानोबा गुरांचं खाद्य बनवतो अशी त्यांच्या आईची शेवटपर्यंत समजूत होती. ते अगदीच खोटं नव्हतं म्हणा, कारण उरलेला जवाचा चोथा गावातल्या म्हशींनाच जायचा. स्वतःची माळ त्यांनी नोकरी लागली त्या दिवशी काढून देव्हाऱ्यात ठेवली आणि पुन्हा कधी घातली नाही. "लबाडी करायची ती मानसाशी," म्हणायचे, "त्याच्याशी न्हाई."

आधीच्या कंपनीने त्यांना वर्षभर जर्मनीला, बव्हेरियातल्या एका खेड्यात शिकायला धाडलं होतं. तिथून ते जर्मन भाषा घेऊन आले नाहीत. "तिथला म्हातारा मास्तर त्याच्या भाषेत शिव्या द्यायचा, मी आपल्या. जमलं आमचं," एवढंच सांगत. पण लागर बिअर मात्र ते अशी शिकून आले होते की पुढे त्यांच्यासमोर कुणी घाईचा शब्द काढला तरी त्यांचा चेहरा उतरायचा.

नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ते समोर बसवत आणि सहा ग्लास मांडत, फिकट पिवळ्यापासून काळ्यापर्यंत. मलाही बसवलं. मी लातूरची, बिअर उभ्या आयुष्यात चाखली नव्हती. माझ्या केसांत अबोलीचा गजरा होता, तो त्यांनी आधी बाहेर ठेवायला लावला. त्यांच्या राज्यात अत्तर, गजरा, खोबरेल आणि डोकेदुखीचं मलम यांना बंदी होती.

"ही हेलेस," त्यांनी पहिला ग्लास पुढे केला. "वरन-भात. वरन-भातात चूक लपत न्हाई, मॅडम. मटनात लपते. ज्याला हेलेस जमली त्याला समदं जमलं."

दुसरी पिल्स. तिला ते मेथीची भाजी म्हणत. पहिल्या घासाला तोंड कडू, मागून जीभ स्वच्छ. तिसरी तांबूस, मेर्त्सन, म्हणजे मार्चातली. जुन्या काळी उन्हाळ्यात बिअर नासायची, म्हणून तिकडचे लोक मार्चात ती करून गार तळघरात ठेवत आणि सप्टेंबरात सण करून पीत. "आपल्या बाया चैत्रात कुरडया-पापड घालत्यात ना, तसंच. वाळवनच म्हना, पर वल्लं." चौथी डुंकेल, भाकरीच्या खरपूस पापुद्र्याच्या वासाची. पाचवी श्वार्झ, दिसायला काळीकुट्ट आणि प्यायला हलकी. तिला बघून घाबरलेल्या माणसाला हसत हसत पाजायची त्यांना भारी हौस. शेवटची डोपेलबॉक, जाड आणि जोरकस. तिकडचे मठातले साधू उपासाला अन्न वर्ज्य म्हणून हीच पीत, हे सांगताना मास्तरांचे डोळे चमकायचे. "एकादशी, दुप्पट खाशी. साधू कुठलाबी असू द्या, वाट काढतोच."

मग ते गंभीर व्हायचे. लागर म्हणजे ठेवणं, साठवणं, कोठार. या बिअरचं यीस्ट वर फेस काढून मिरवत नाही, तळाशी बसून गारठ्यात हळूहळू काम करतं. यीस्टला ते 'मंडळी' म्हणायचे आणि टाक्यांजवळून चालताना आवाज खाली आणायचे. "मंडळी कामात हायत. सहा आठवडे त्यांना सतवायचं न्हाई. थंडीत घाई चालत न्हाई."

पण त्या पहिल्या दिवसाचा खरा धडा बिअरचा नव्हताच. तो होता पेवाचा. त्यांच्या आज्याच्या काळी धान्य जमिनीखालच्या पेवात ठेवत. पेव उघडलं की दिवसभर तसंच उघडं ठेवायचं, मग दोरीने दिवा खाली सोडायचा. दिवा तेवत राहिला तरच माणूस उतरायचा. आज्याच्या धाकट्या भावाला पाहुणे यायच्या गडबडीत दिवा सोडायचा कंटाळा आला. "आवाज न्हाई, तडफड न्हाई. वरनं हाका मारल्या, पोत्यासारखा काढला," मास्तर सांगत. "धान्य श्वास टाकतं, मंडळीबी टाकत्यात. तो वायू दिसत न्हाई, खाली बसून ऱ्हातो. पर नाकाला झोंबतो. सोड्याची बाटली फोडून हुंगल्यावानी. झोंबलं की मागं फिरायचं. हे नाक हाय तवर तळघरात कुनाला काय होनार न्हाई."

आणि त्या नाकाचा खरोखर दरारा होता. मी आले त्याच वर्षी हेलेसची एक टाकी तयार झाली. माझ्या यंत्राने ती पास केली. मास्तरांनी एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. "लोनी."

लागर नीट पिकली नाही की तिला लोण्याचा वास राहतो, आणि हेलेसमध्ये तो राहणं म्हणजे पाहुण्यांच्या वरणात केस. मी आकडे दाखवले. ते म्हणाले, "आकड्यांना नाक असतं का?" त्यांनी दोन आठवडे मागितले. आमचे साहेब, म्हणजे मालकांचे चिरंजीव, तरुण आणि भलतेच उत्साही. त्यांनी माझे आकडे धरले आणि माल पाठवला. आठवड्याभरात माणच्या एका पबमधून पिंपं परत आली. आयटीतली गिऱ्हाइकं म्हणत होती की बिअरला पॉपकॉर्नचा वास येतो.

त्यानंतर साहेबांनी एक नियमच करून टाकला. मास्तरांचं नाक नाही म्हणालं, तर नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगत, "आमच्याकडे यंत्रं आहेत, पण खरं यंत्र हे," आणि मास्तरांच्या नाकाकडे बोट दाखवत. मास्तर संकोचून खाली बघायचे, पण त्यांना ते आवडायचं. कुणाला आवडणार नाही? बेताचं शिकलेला माणूस एवढ्या इंजिनिअरांच्या वर बसला होता, नुसत्या नाकाच्या बळावर.

मग साथ आली. दुसऱ्या लाटेत मास्तर तीन आठवडे आजारी होते. परत आले तेव्हा गालफडं बसली होती, बाकी सगळं तेच. दारात थांबणं, तीन श्वास, हवा साफ. फक्त चाखताना ते ग्लास जरा जास्त वेळ धरू लागले. आणि एक दिवस त्यांनी मला विचारलं, "तुमचं काय म्हननं, मॅडम?" इतक्या वर्षांत त्यांनी मला हा प्रश्न कधी विचारला नव्हता. मला आपला मान वाढल्यासारखं वाटलं. मूर्खच मी.

पुढे गणपतीला त्यांच्या घरी गेले. ओटीवर आम्ही बोलत बसलो होतो, आत काकूंनी ठेच्यासाठी लोखंडी तव्यावर मिरच्या टाकल्या. असा ठसका उठला की शेजारची पोरं खोकत रस्त्यावर पळाली. माझ्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, पदर तोंडावर. आणि मास्तर माझ्यासमोर शांत बसून पिल्सला कडूपणा आणणारे हॉप्स कधी घालायचे ते सांगत होते. शिंक नाही, डोळ्यांत पाणी नाही. धूर त्यांच्या चेहऱ्यावरून जात होता आणि ते बोलत होते.

निघताना काकू फाटकापर्यंत आल्या. त्यांनी मागे वळून बघितलं, मग माझा हात धरला.

"बगितलं न्हवं?"

मी मान हलवली.

"मुद्दामच टाकल्या मिरच्या. म्हनलं, तुमी शिकलेल्या हायसा, तुमाला कळंल. आजारापास्नं वास येत न्हाई. फोडनी करपली तरी कळत न्हाई. परवा शेगडीचा ग्यास चालू ऱ्हायला, हे तिथंच बसून पेपर वाचत व्हते." त्यांचा आवाज अगदी खाली आला. "त्यांच्या कंपनीत विषारी हवा असती म्हनत्यात. तुमी सांगा सायबाला. म्या बोलले तर घरात ऱ्हायाचे न्हाईत ते."

"सांगते, काकू," मी म्हणाले.

मी साहेबांना सांगितलं नाही. आधी मास्तरांशी बोलावं, असं वाटलं. लॅबमध्ये दार लावून घेतलं आणि विचारलं. ते खिडकीबाहेर ट्रकांची रांग बघू लागले.

"तीन वर्सं ऱ्हायलीत रिटायर व्हायला," ते म्हणाले. "नाक गेलं म्हनलं तर मी कोन, पोरी? जवाची पोती वतनारा हमाल."

मॅडमवरून ते पोरीवर आले होते, आणि तिथेच मी हरले.

त्यांनीच तोड काढली. चाखताना मी त्यांच्या डाव्या हाताला उभं राहायचं. लोण्याचा वास असेल तर पेनाचं बटण दोनदा दाबायचं, उकडलेल्या कणसाचा, म्हणजे बिअरचा दुसरा दोष, असेल तर एकदा. ठीक असेल तर काही नाही. मग मास्तर डोळे मिटून थोडा वेळ घेत आणि निकाल सांगत. वर्षभर हे चाललं. एकदाही चुकलं नाही. साहेब पाहुण्यांना मास्तरांचं नाक दाखवत आणि मी शेजारी पेन धरून उभी असे. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. लातूरची मी, वरण-भातावर वाढलेली, आणि चाकणच्या कारखान्याचं नाक झाले होते.

राहिलं तळघर. तिथे मी रोज त्यांच्याबरोबर जात नव्हते. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "बावीस वर्सं उतरतोय. पायांना ठावं हाय." हवेतला वायू मोजायचा हातात धरायचा मीटर माझ्याच लॅबच्या कपाटात असायचा. एका सकाळी मी तो घेऊन तळघराच्या दाराशी गेले. टाक्या धुणारा बबन तिथे उभा होता, परभणीचा, कंत्राटी कामगार, मास्तरांना बापाच्या जागी मानणारा. त्याने मीटरकडे बघितलं, मग मास्तरांकडे. "मास्तर असताना हे कशाला?" त्याने सरळ मनाने विचारलं. मास्तर एकटेच आत गेले आणि चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पाचव्या दिवशी मी मीटर कपाटात ठेवला. काकूंचा दोनदा फोन आला. दोन्ही वेळा मी म्हणाले, "बोलते, काकू, योग्य वेळ बघून." योग्य वेळ! साहेब खुशीत असले की वाटायचं, कशाला विरजण घाला. चिडलेले असले की वाटायचं, आत्ता नको.

त्या सप्टेंबरात शेजारच्या एका जर्मन कंपनीने त्यांच्या सणासाठी आमची सगळी मेर्त्सन मागितली. मार्चात घातलेली, सहा महिने गारठ्यात ठेवलेली. मास्तरांच्या हातची बहुधा सगळ्यात चांगली. ती त्यांनी स्वतः माझ्याशिवाय चाखलीच नाही, ग्लास माझ्यापुढे धरून म्हणाले, "सांग कशी झालीय." मी सांगू लागले, भाकरीचा पापुद्रा, थोडा मध, शेवटी कोरडी, आणि ते ऐकत होते, जिभेवर घोट धरून, डोळे मिटून. त्यांना माझ्या शब्दांतून वास घ्यायचा होता. मला रडू आवरेना.

माल गेला आणि टाकी मोकळी झाली. आमच्या टाक्या आडव्या, पोटाशी माणूस वाकून शिरेल एवढं गोल दार असलेल्या. माणसाने आत जायचंच नाही, पाण्याचे फवारे आतून धुतात, हा मास्तरांचाच नियम. पण फवारा तुंबला होता आणि तळाला मंडळींचा जाड थर चिकटून बसला होता. अशी वेळ आलीच तर एरवी दार उघडून दिवस-रात्र पंखा लावून ठेवत आणि मगच पुढचं बघत. साहेबांना मात्र त्याच दिवशी टाकी भरून हवी होती, नवी ऑर्डर घेऊन बसले होते. पंखा तासभर चालला असेल.

सकाळचे अकरा वाजले होते. त्या जर्मन कंपनीचे दोन इंजिनिअर कारखाना बघायला आले होते आणि साहेब त्यांना तळघरात घेऊन आले. मी नमुन्यांचा ट्रे घेऊन मागे होते. बबन ब्रश घेऊन टाकीत शिरायच्या तयारीत होता. मास्तरांनी त्याचा खांदा धरून मागे ओढला.

"तू नगं. तुझी ल्हान पोरं हायत. मी बगतो."

साहेब पाहुण्यांना इंग्रजीत सांगत होते, हे बघा आमचे मास्तर, बावीस वर्षांचा अनुभव, हे नुसतं हुंगून सांगतात. सगळे थांबले. मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला, टाकीच्या दाराशी वाकले आणि श्वास घेतला. दोन छोटे, एक मोठा.

"हवा साफ हाय," ते म्हणाले.

मी चार पावलांवर होते. तिथे मला काही झोंबलं नाही, तो वायू इतक्या दूर येतच नाही. पण मी ट्रे छातीशी धरून म्हणाले, "मास्तर, मीटर आणते. दोन मिनिटं लागतील."

साहेबांनी भुवया उंचावल्या. "का? काय झालं?"

मास्तरांनी वळून माझ्याकडे बघितलं. ते रागावले असते तर मी गेले असते. रागाला मी भीत नव्हते. पण त्या डोळ्यांत विनवणी होती, बबनसमोर, पाहुण्यांसमोर नको अशी; आणि मास्तरांना कुणाची विनवणी करताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

मग ते मोठ्याने म्हणाले, "मॅडमचा माझ्या नाकावर भरवसा न्हाई वाटतं."

साहेब हसले. बबन हसला. काय चाललंय ते न कळता पाहुणेही हसले. आणि मी, जिला सगळं माहीत होतं, तीही हसले.

मास्तरांनी बबनच्या हातातून ब्रश घेतला. आधी डोकं आत गेलं, मग खांदे, मग त्यांनी गुडघा कडेवर टेकवला आणि अंग ओढून घेतलं. रबरी बुटांचे तळवे क्षणभर दारात दिसले, एका तळव्याला जवाचा भुसा चिकटलेला. मग तेही आत गेले. आतून पत्र्यावर ब्रश घासल्याचा आवाज आला. साहेब पाहुण्यांना मेर्त्सन म्हणजे काय ते सांगू लागले. पुन्हा एकदा ब्रशचा आवाज आला, लांब आणि सावकाश.

बबन पाण्याचा पाइप धरून दाराशी वाकला. "मास्तर, पानी सोडू का?"

त्याने पत्र्यावर थाप मारली. "मास्तर?"

माझ्या हातातला ट्रे खाली पडला, ग्लास फुटले, सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी जिन्याकडे पळत सुटले, मीटर आणायला.